व्हेंटिलेटरवरचं बाळ आणि औषधांना न जुमानणारे जंतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी संसर्ग नियंत्रणाची सिस्टर म्हणून काम करते. दाराबाहेरच्या बाकड्यावर, लिफ्टमध्ये आणि रात्री उशिरा फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. तुमच्या बाळाची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे कोणतं औषध आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. बाळ पहिल्या दिवसापासून काचेत आहे, आम्हालाही हात लावू देत नाहीत. मग इन्फेक्शन आलं कुठून?

काचेची पेटी बाळाला ऊब देते. जंतूंना ती अडवत नाही. तिच्या गोल खिडक्यांतून दिवसभर हात आत-बाहेर होत असतात: लंगोट बदलायला, सलाईन बघायला, रक्त घ्यायला, एक्स-रेची प्लेट सरकवायला. एका आजींनी काचेबाहेर बसून दुपारी दोन ते चार बोटांच्या पेरांवर मोजलं होतं. तेवीस वेळा हात आत गेले. त्यांतले किती धुतलेले होते, हे आजींना विचारायचं धाडस मला झालं नाही.

रुग्णालयातले जंतू मुख्यतः हातांवरून आणि वस्तूंवरून फिरतात. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे मॉनिटरच्या बटणांवर किंवा पेटीच्या कडेवर, कित्येक दिवस तग धरतो. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूला ओल आवडते: सिंक, सक्शनची (स्राव ओढून काढण्याच्या यंत्राची) बाटली, ओला कपडा. शिवाय तो बाळाच्या आतड्यात मुक्काम करतो आणि लंगोट बदलणाऱ्या हातावरून पुढच्या बाळाकडे जातो.

२. व्हेंटिलेटर लावल्यामुळेच हे झालं का? लावलाच नसता तर?

लावला नसता तर श्वास घेता न येणारं बाळ त्याच रात्री गेलं असतं, हे आधी सांगते. पण शंका निराधार नाही. तुम्हाआम्हाला ठसका लागतो, खोकला येतो, नाकातले केस धूळ अडवतात. श्वासनळीत घातलेली नळी हा सगळा पहारा ओलांडून जाते. किलोभराहून हलक्या बाळाला बहुधा अडीच नंबरची नळी बसते, म्हणजे आतून अडीच मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या नळीला फुगा असतो, तो बाजूची फट बंद करतो. नवजात बाळांच्या नळीला साधारणपणे तो नसतो. त्यामुळे तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेलं दूध नळीच्या कडेने थेंब थेंब छातीत उतरत राहतं.

पाच-सहा दिवसांनी काढलेली नळी बोटांत धरून बघा, आतून बुळबुळीत लागते. तो जंतूंनी बांधलेला थर असतो. त्याच्या आतपर्यंत औषध नीट पोचत नाही. व्हेंटिलेटरच्या लांब नळ्यांच्या वळणात वाफेचं पाणीही साठतं. बाळाला कुशीवर वळवताना नळी उचलली, की ते छातीकडे धावतं. म्हणून आधी पाणी काढायचं आणि मग बाळ वळवायचं, हा आमच्याकडे नव्या सिस्टरला शिकवायचा पहिला धडा.

व्हेंटिलेटर सुरू होऊन ४८ तास उलटल्यावर झालेला न्यूमोनिया व्हेंटिलेटरशी जोडला जातो. नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढतो. म्हणूनच बाळाला नळीवरून काढून नाकाच्या सीपॅपवर, म्हणजे नाकातूनच दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, आणायची घाई असते.

३. मग त्या नळ्या रोज का बदलत नाहीत?

कारण दर वेळी जोड उघडला की बाहेरचे जंतू आत शिरायला वाट मिळते. व्हेंटिलेटरच्या नळ्या खराब दिसल्या किंवा बिघडल्या तरच बदलायच्या, रोजच्या रोज नाही, ही आताची पद्धत आहे. यात कंजुषी नाही.

४. “औषधाला रेझिस्टन्स आलाय” म्हणजे बाळाच्या शरीराला औषधांची सवय झाली का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही “आमच्या बाळाला आता कुठलंच औषध लागू पडणार नाही” म्हणून रडतात. प्रतिकार जंतूने मिळवलेला असतो, बाळाने नव्हे. तेच बाळ सहा महिन्यांनी वेगळ्या जंतूने आजारी पडलं, तर साध्या औषधानेही बरं होऊ शकतं.

जंतू हे कसं करतो? काही जंतू औषधाचा रेणू तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात, काही औषध आत येताच बाहेर फेकतात, काही आत येण्याची दारंच कमी करतात. मेरोपेनेमसारखं औषध तोडणाऱ्या एका विकराचं नाव एनडीएम, त्यातली ‘एनडी’ ही अक्षरं नवी दिल्लीची. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. त्या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नाव काहीही असो, विकर आपल्या वॉर्डांमध्ये आहे. आणि ते बनवण्याची कृती एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, आजोळची पाककृती शेजारणीला द्यावी तशी.

५. मी गरोदरपणात लघवीच्या त्रासासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं. माझ्यामुळे झालं का?

डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलंत, योग्य केलंत. लघवीचा जंतुसंसर्ग तसाच राहिला असता तर वेळेआधी कळा येण्याची भीती होती. हा प्रश्न मला नेहमी आईच विचारते, बापाने विचारल्याचं आठवत नाही. आणि बहुतेक वेळा तो तिच्या मनात कुणीतरी घातलेला असतो.

पहिल्या ७२ तासांतला संसर्ग आईकडून आला असं पुस्तकात शिकवतात. भारतात ते सरसकट खरं नाही, पुढचं उत्तर पाहा.

६. हे सगळीकडेच होतं की फक्त आमच्या हॉस्पिटलात?

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांनी २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात आलेल्या १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवलं. १४.३ टक्के बाळांना सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) झाला, म्हणजे साधारण सातांत एकाला. सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेब्सिएला १७ आणि ई-कोलाय १४ टक्के. त्यांतले ॲसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के आणि क्लेब्सिएलाचे ५४ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. जवळपास दोन तृतीयांश आजार पहिल्या ७२ तासांतच सुरू झाले आणि तेही याच रुग्णालयी जातीच्या जंतूंनी. म्हणजे प्रसूतिगृहातले हात, टेबल, सक्शनही संशयाच्या फेऱ्यात येतात. आईच्या माथी मारून भागत नाही.

२०१८ ते २०२० मध्ये भारतासह ११ देशांतल्या १९ रुग्णालयांत सेप्सिस झालेल्या ३,२०४ बाळांची पाहणी झाली. तिथेही क्लेब्सिएला पुढे होता. डॉक्टरांनी औषधांच्या दोनशेहून अधिक वेगवेगळ्या जोड्या वापरल्या होत्या. दोन डॉक्टर दोन औषधं सांगतात म्हणून तुम्ही गोंधळता, त्याचं मूळ इथे आहे. कुठली जोडी चांगली याचं पक्कं उत्तर अजून जगातच ठरायचं आहे.

७. कल्चरचा रिपोर्ट यायला इतके दिवस का लागतात?

कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखणं. जंतू वाढायला वेळ घेतात, यंत्राला घाई करता येत नाही. साधारण १ मिलिलिटर रक्त बाटलीत घालून यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की यंत्र खूण देतं, बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत. मग जंतू कोणता आणि कोणतं औषध चालतं यासाठी आणखी एक-दोन दिवस.

‘एवढंसं रक्त’ म्हणू नका. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ऐंशी-नव्वद मिलिलिटर रक्त असतं. म्हणूनच “परत एकदा तपासा” असं सहज सांगता येत नाही.

८. रिपोर्टवर औषधांपुढे एस, आर, आय लिहिलंय. कोलिस्टिनपुढे तर ‘आय’ आहे. म्हणजे तेही अर्धवटच चालणार?

‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही, ‘आय’ म्हणजे मधलं. कोलिस्टिन या शेवटी राखून ठेवलेल्या औषधाची गोष्ट वेगळी. पुष्कळ प्रयोगशाळा जे अमेरिकी निकष वापरतात, त्यांनी २०२० मध्ये या जंतूंसाठी कोलिस्टिनचा ‘एस’ हा वर्गच काढून टाकला. औषध ‘आर’ नसेल तर ‘आय’च छापलं जातं, त्यापेक्षा चांगलं अक्षर आता उपलब्धच नाही. ते पाहून हातपाय गाळू नका. मात्र एक गोष्ट विचारा: ही तपासणी औषध लावलेल्या कागदी चकतीने केली आहे का? कोलिस्टिनसाठी चकतीची साधी पद्धत भरवशाची नाही, द्रव माध्यमात औषध टप्प्याटप्प्याने विरळ करून तपासावं लागतं.

आणि यादीत ज्या औषधापुढे ‘एस’ आहे ते प्रत्येक औषध तुमच्या बाळाला चालेलच असंही नाही. काही औषधं मेंदूच्या आवरणापर्यंत पोचत नाहीत, काही नवजात बाळाला द्यायचीच नसतात.

९. कल्चर निगेटिव्ह आलं, तरी इंजेक्शनं चालूच आहेत. का?

दोन शक्यता. रक्त घेण्याआधीच औषध सुरू झालं होतं किंवा रक्त कमी पडलं, त्यामुळे जंतू असूनही उगवला नाही. बाळ खरंच आजारी दिसत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. दुसरी शक्यता, आणि ही मी स्पष्टच लिहिते: कधी कधी बंद करायची हिंमत होत नाही म्हणून चालू राहतात. बाळ सुधारलंय, कल्चर निगेटिव्ह आहे, तर ४८ ते ७२ तासांनी थांबवता येईल का, हे तुम्ही विचारू शकता. राउंडला नम्रपणे विचारलेल्या या प्रश्नाचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

१०. उलट आमच्याकडे नळीतल्या स्रावाचं कल्चर पॉझिटिव्ह आहे आणि डॉक्टर म्हणतात, औषध नको!

बरोबर असू शकतं. चार दिवस आत राहिलेल्या नळीत जंतू असणारच, प्रश्न २ मधला तो थर आठवा. जंतू तिथे राहतोय आणि जंतूने आजार केलाय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाळाला ऑक्सिजन जास्त लागतोय का, एक्स-रेत नवा डाग आहे का, स्राव घट्ट-पिवळा झालाय का, रक्ताच्या तपासण्या बिघडल्यात का, यावर ठरतं. नुसत्या कागदावरच्या जंतूला औषध देत बसलं तर तो मरत नाही, फक्त आणखी चिवट होऊन उरतो.

११. सगळ्यात मोठं औषध पहिल्याच दिवशी का नाही देत? पैशांचा प्रश्न असेल तर आम्ही भरतो.

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वाद घातलेत. ‘मोठं’ औषध म्हणजे जास्त ताकदीचं, ही आपली समजूत. प्रत्यक्षात ज्या जंतूवर साधं औषध चालतं, त्याला ते महागड्या औषधाइतकंच, कधी कधी जास्त चांगलं मारतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून औषधांचे तीन गट केलेत: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. मेरोपेनेम जपून वापरायच्या गटात, कोलिस्टिन राखीव. राखीव औषध सुरुवातीलाच संपवलं तर पुढे काय, हा प्रश्न फक्त समाजाचा नाही, तुमच्याच बाळाचा आहे. त्याला अजून तीन आठवडे इथेच काढायचे असतात.

जास्त दिवस जड अँटिबायोटिक चाललं की कमी दिवसांच्या बाळात आतड्यांचा गंभीर आजार आणि बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मोकळ्या जागेत चिवट जंतू पथारी पसरतात.

मात्र बाळ एकदम ढासळत असेल आणि त्या विभागात असेच जंतू फिरत असतील, तर डॉक्टर पहिल्या तासातच मोठं औषध काढतील. तेव्हाचा प्रश्न असा: “कल्चर आल्यावर खाली उतरवणार ना?”

राखीव औषधाची उधळपट्टी वॉर्डाबाहेरही झाली: कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही घातलं जायचं, वजन वाढावं म्हणून. भारत सरकारने २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

१२. या औषधांनी किडनी जाते, बहिरेपण येतं असं ऐकलं.

कोलिस्टिनचा किडनीवर ताण येतो, म्हणून लघवी मोजतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासतात. बहुधा औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतं. जेंटामायसिन, अमिकासिन या गटाने कानावर परिणाम होऊ शकतो. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या प्रत्येक बाळाची श्रवण तपासणी घरी जाताना करून घ्याच, बेरा नावाची. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही चुकवू नका. या दोन्ही तपासण्या, वेदनामय आजारपणानंतर ‘आता बास’ म्हणून, राहून जातात.

१३. बाळाला इन्फेक्शन असताना माझं दूध चालेल का?

चालेल, आणि हवंच. पोट फुगलं असेल किंवा आतड्यांचा आजार असेल तर डॉक्टर काही काळ थांबवतील, तेव्हाही दूध काढत राहा, नाहीतर आटतं. पहिला चीक दोन-चार थेंब गालाच्या आत लावला तरी चालतो. दूध काढण्याआधी हात, पंपाचे भाग आणि वाटी स्वच्छ हवीत. दुधातून जंतू जाण्याची खरी वाट तीच. बाटली नको. पुढे तोंडाने पाजायची वेळ आली की बोंडलं किंवा वाटी-चमचा, उकळलेला.

आईला दूध नसेल तर दूध पेढी विचारा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत.

१४. गावाहून अंगारा आणलाय. पेटीत ठेवू का? काळा दोरा? तीर्थ?

अंगारा पुडीतच, पुडी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पेटीबाहेर फाइलला लावलेली. आमच्याकडे अशी तडजोड चालते आणि आजतागायत कुठल्या देवाने तक्रार केलेली नाही. दोरा मनगटावर नको, तो ओला राहतो आणि सुईच्या जागेजवळ घासतो. तीर्थ, मध, गुटी यांतलं काहीही तोंडात नाही. एक थेंबसुद्धा नाही.

१५. प्रोबायोटिक दिलं तर?

ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत प्रोबायोटिकने सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती घरी असलेली, पुरेशा वजनाची, दूध पिणारी बाळं होती. व्हेंटिलेटरवरच्या किलोभराच्या बाळाला ते लागू करता येत नाही. अशा बाळात प्रोबायोटिकचा जंतूच रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत. दुकानातून आणून सिस्टरच्या हातात पुडी देऊ नका.

१६. आम्ही नुसतं बाहेर बसायचं का? आमच्या हातात काय आहे?

तुमच्या हातात तुमचे हात आहेत. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गंडा काढून कोपरापर्यंत धुवा. साबणाने ४० ते ६० सेकंद. आतमध्ये मोबाइल काढलात की पुन्हा हात स्वच्छ करा. फोटो काढून त्याच हाताने बाळाची टाच कुरवाळणारे बाबा मी रोज बघते. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नको असंही नाही. मोजे घालून फाइल लिहिणारे आमच्यातलेही आहेत. कुणी हात स्वच्छ न करता थेट पेटी उघडली तर “सिस्टर, हँडरब राहिलं” म्हणा. तुम्ही म्हणालात तर दोन सेकंद चेहरा पडेल, पण हात धुतला जाईल.

रोज एक प्रश्न विचारा: “आज नळी निघू शकेल का?” जमेल तसं, “सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली सलाईनची नळी) अजून लागते का?”

नळी निघून बाळ स्थिर झालं की छातीशी घ्यायला मागा. भारतासह पाच देशांतल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यापासून आईजवळ ठेवलं, तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. ती बाळं स्वतःचा श्वास घेणारी होती. पण आईच्या अंगावरचे जंतू वॉर्डातल्या जंतूंपेक्षा कितीतरी सोयरे, हे त्यामागचं एक कारण मानतात.

१७. जुळ्यांपैकी एकालाच झालंय. दुसऱ्याला लागेल का?

हवेतून उडून नाही, हातांवरून. दोघांची पेटी, थर्मामीटर, स्टेथोस्कोप वेगळा हवा. तुम्ही आधी बऱ्या बाळाला भेटा, मग आजाऱ्याला.

१८. मोठ्या शहरात हलवावं का?

व्हेंटिलेटरवरच्या बाळाचा प्रवास हीच एक जोखीम आहे. आणि जंतू मारणारं औषध इथेही तेच मिळत असेल, तर फक्त चिवट जंतूसाठी हलवण्यात फायदा नाही. शस्त्रक्रिया लागणार असेल, इथे तपासणीच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. हलवलंत तर कल्चरचा रिपोर्ट लपवू नका. “सांगितलं तर घेणार नाहीत” या भीतीने लोक लपवतात. मग तिथे दोन दिवस चुकीचं औषध जातं आणि शेजारच्या बाळालाही जंतू मिळतो.

१९. खर्च हाताबाहेर चाललाय.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. खासगीत असाल तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी विचारा. बिल झाल्यावर नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

२०. ही हॉस्पिटलची चूक नाही का?

काही वेळा आहे. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी चार बाळांत एकसारखाच क्लेब्सिएला निघाला. आठवडाभर शोधाशोध. सापडला सक्शनच्या पाण्याच्या स्टीलच्या वाटीत. ती दर शिफ्टला बदलते, अशी वहीत रोज टिक होती. टिक खरी होती, वाटी तीच होती.

पण प्रत्येक संसर्ग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. एका सिस्टरकडे सहा-सात बाळं आणि एका वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या पाळण्यावर) दोन बाळं असतील, तर धुवायला हात आणि वेळ दोन्ही अपुरे पडतात. तक्रार करायची असेल तर आधी कागद घ्या: लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात. विभागात आणखी कुणाला तोच जंतू आहे का, हेही विचारा.

२१. बाळ घरी आलं. तो जंतू घरातल्यांना लागेल का?

बाळाच्या आतड्यात तो काही महिने राहू शकतो. धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही. शी-शू साफ केल्यावर साबणाने हात धुणं, एवढं पुरतं. भांडी वेगळी, खोली वेगळी, काही नको. घरात डायलिसिसवरचे आजोबा किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर त्यांनी लंगोट बदलू नये. लसी वयाप्रमाणेच द्यायच्या. वेळेआधी जन्मलं म्हणून उशीर करायचा नाही.

दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, श्वास भरभर चालतोय, बाळ मलूल आहे, तर सकाळची वाट न बघता निघा. आणि तिथे पोचल्यावर “आधी व्हेंटिलेटरवर होतं, अमुक जंतू निघाला होता” हे पहिल्या वाक्यात सांगा. डिस्चार्ज कार्डाचा आणि शेवटच्या कल्चरचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. ज्याच्याकडे फोटो असतो तो नेमका कामावर असतो.